हॅश मॅपमध्ये दोन-तीन गोष्टी मिळून एक की कशी बनवायची

दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक वेस्टर्नला आणि एक सेंट्रलला, आणि फोनवर कोणी "एक नंबरला उभा आहे" म्हणालं तर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कुठल्या एक नंबरला? ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेने सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मना ८ ते १४ नंबर दिले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले, आणि तो प्रश्न मिटला. आता हेच प्रोग्राममध्ये आणून बघा. समजा तुम्ही प्रत्येक प्लॅटफॉर्मवरची गर्दी मोजणारं काहीतरी लिहिताय आणि हॅश मॅपमध्ये, म्हणजे की दिली की तिच्याशी जोडलेली व्हॅल्यू लगेच शोधून देणाऱ्या रचनेत, की म्हणून नुसता प्लॅटफॉर्म नंबर टाकलाय. जुन्या दादरमध्ये वेस्टर्नच्या एक नंबरचा आकडा आधी आत जाणार, मग सेंट्रलच्या एक नंबरचा आकडा येऊन बरोब्बर त्याच्यावर बसणार, कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त एक अख्खा प्लॅटफॉर्म रिपोर्टमधून गायब. आणि नुसतं दादर कशाला, एक नंबर ठाण्यालाही आहे, कुर्ल्यालाही आहे, अंधेरीलाही आहे, म्हणजे ज्याचा आकडा सगळ्यात शेवटी आला तोच मॅपमध्ये राहणार.

यातून सुटायचे रस्ते दोन. एक रेल्वेने केला तो, प्रत्येक गोष्टीला स्वतःचा असा वेगळा नंबर देऊन टाकायचा, आणि हे जमत असेल तर जरूर करा. पण बऱ्याच वेळा डेटा दुसऱ्याकडून येतो, नंबर बदलायचा अधिकार आपल्याकडे नसतो, आणि दादरचे नंबरसुद्धा आता वेगळे आहेत ते फक्त दादरपुरते. मग दुसरा रस्ता, कंपोझिट की, म्हणजे स्टेशन, लाइन आणि प्लॅटफॉर्म नंबर हे तिन्ही मिळून एक की. दिसायला एकदम सोपी गोष्ट आहे, आणि म्हणूनच लोक ती घाईत कशीतरी करून टाकतात आणि मग सहा महिन्यांनी आकडे का जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. तसं होऊ नये म्हणून हे सगळं नीट, एकापाठोपाठ एक लिहितोय.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. तुम्ही की दिली की मॅप तिच्यावरून एक आकडा काढतो, तो हॅश, त्या आकड्यावरून कुठल्या बकेटमध्ये, म्हणजे आतल्या कुठल्या कप्प्यात, बघायचं ते ठरतं, आणि त्या बकेटमध्ये जे कोणी बसलेत त्यांच्याशी तुमची की "सारखी" आहे का हे एकेक करून तपासलं जातं. म्हणजे कामं दोन आहेत, हॅश आणि सारखेपणाची तपासणी, आणि दोघांमध्ये एक करार आहे जो कधीही मोडायचा नाही: दोन कीज सारख्या असतील तर त्यांचा हॅश सारखाच आला पाहिजे. उलटं मात्र लागू नाही, हॅश सारखा आला म्हणून कीज सारख्या असतीलच असं नाही. जावामध्ये कॅपिटल ए आणि त्यापुढे स्मॉल ए ही स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, घ्या, आणि दोन कॅपिटल बी असलेली स्ट्रिंग घ्या, दोन्हींचा हॅशकोड, म्हणजे जावातला हॅश, २११२ येतो. पायथॉनमध्ये उणे एक आणि उणे दोन या दोन्ही आकड्यांचा हॅश उणे दोनच आहे. तरी मॅप कधी चुकत नाही, कारण शेवटचा निकाल सारखेपणाची तपासणी देते, हॅश फक्त शोध लवकर लागावा म्हणून आहे. हॅश धडकला तर काम थोडं हळू होतं, पण कीज धडकल्या तर डेटा जातो. हा फरक डोक्यात पक्का बसवून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

सगळ्यात आधी ठरवा, "तेच" म्हणजे काय

कोड लिहायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या डेटात दोन नोंदी "एकाच गोष्टीच्या" आहेत असं मी कधी म्हणणार? ज्या फील्ड्सवरून, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांवरून, ते ठरतं त्या सगळ्या कीमध्ये हव्यात आणि बाकीची एकही नको. कमी घेतल्या तर वर दादरचं झालं तसं होतं. जास्त घेतल्या तर उलटा घोळ, एकच गोष्ट दोन ठिकाणी मोजली जाते. उदाहरणार्थ कोणीतरी कीमध्ये स्टेशनचं दाखवायचं नाव टाकतं. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, व्हीटीचं सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी, आता जुन्या फाइलमधली नोंद एका नावाने आणि नवीन फाइलमधली दुसऱ्या नावाने, स्टेशन तेच पण मॅपच्या दृष्टीने ती दोन वेगळी स्टेशनं. बदलू शकणारी, माणसांना दाखवायची गोष्ट कीमध्ये ठेवायची नाही, ती व्हॅल्यूमध्ये ठेवा, आणि कीमध्ये असं काहीतरी ठेवा जे नाव बदललं तरी आपल्या सिस्टिममध्ये बदलणार नाही. रेल्वेचे स्टेशन कोड बऱ्याचदा कामाला येतात, दादर वेस्टर्नचा कोड डीडीआर आहे आणि सेंट्रलचा डीआर, म्हणजे तिथे तर कोडमध्येच लाइन आली, वेगळी फील्ड धरायची गरजच नाही. पण कोडही कधी बदलू शकतात, त्यामुळे जुना-नवा जोडणारं एक छोटं टेबल ठेवलेलं चांगलं आणि की बनवायच्या आधी त्यातून जायचं.

तारीख कीमध्ये असेल तर जास्त जपून. रात्री बारा वाजून गेल्यावर सुटणारी शेवटची लोकल कुठल्या दिवसाची? कॅलेंडरप्रमाणे दुसऱ्या दिवसाची, पण प्रवाशाच्या लेखी आजचीच. तुमच्या कामात नेमका कुठला दिवस धरायचा ते आधी ठरवून टाका आणि फील्डचं नावही तसं स्पष्ट द्या, नुसतं "तारीख" नको, कारण अर्ध्या टीमने एक धरलं आणि अर्ध्या टीमने दुसरं, तर गाडी नंबर अधिक तारीख ही की दोन्हीकडे व्यवस्थित बनते आणि एकमेकांशी जुळत मात्र नाही. आणि तारखेऐवजी सेकंदापर्यंतची वेळ टाकलीत तर जवळपास प्रत्येक नोंद वेगळी की होऊन बसेल, मग मॅप ठेवून फायदा काय.

दिशेचा प्रश्नही इथेच सोडवायचा. दादर ते ठाणे आणि ठाणे ते दादर ही एकच की का दोन? भाडं विचारत असाल तर एकच, कारण भाडं दोन्ही बाजूंनी सारखं. गाडी विचारत असाल तर दोन, सकाळी सीएसएमटीकडे जाणारी आणि परत येणारी गर्दी सारखी म्हणणाऱ्याने लोकल बघितलेली नाही. जिथे दिशा महत्त्वाची नाही तिथे की बनवतानाच दोन्ही कोड ठरलेल्या क्रमाने लावून घ्या, अक्षरांच्या क्रमात जो आधी येतो तो पहिला, आणि हे की बनवणाऱ्या फंक्शनच्या आत करा, बाहेर प्रत्येकाच्या भरवशावर सोडू नका.

स्ट्रिंग चिकटवून की बनवायचा मोह

बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात, दोन फील्ड घेतल्या, एकापुढे एक चिकटवल्या, झाली की. एक मोठं कॉम्प्लेक्स घ्या, बिल्डिंगांना नंबर आहेत, फ्लॅटना नंबर आहेत, आणि मेंटेनन्सचा हिशोब मॅपमध्ये आहे. बिल्डिंग १, फ्लॅट ११२. चिकटवलं तर "१११२". बिल्डिंग ११, फ्लॅट १२. चिकटवलं तर "१११२". दोन वेगळ्या घरांचे पैसे एकाच खात्यात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून काय रामायण होईल ते ज्याने अशी मीटिंग पाहिली आहे त्याला सांगायला नको.

मग लोक मध्ये सेपरेटर टाकतात, डॅश. "१-११२" आणि "११-१२", सुटलं. सुटलं खरं, पण फील्डच्या आत डॅश येत नाही तोपर्यंतच. बिल्डिंग "३" आणि फ्लॅट "ए-१०१" असेल तर "३-ए-१०१" बनतं, आणि बिल्डिंग "३-ए" आणि फ्लॅट "१०१" असेल तरी तेच बनतं. डॅशच्या जागी स्लॅश घेऊ म्हणाल तर मुंबईत तो आणखी धोक्याचा आहे, कारण महापालिकेच्या वॉर्डांच्या नावातच स्लॅश आहे, जी/उत्तर, एफ/दक्षिण, के/पूर्व. वॉर्ड आणि कॉलनी नंबर मिळून की बनवलीत आणि पुढे कोणीतरी ती स्लॅशवर तोडली तर दोनाऐवजी तीन तुकडे हातात येतील आणि "उत्तर" नावाची कॉलनी रिपोर्टमध्ये दिसायला लागेल. जे कॅरेक्टर डेटात कधीच येणार नाही असं वाटतं ते एक ना एक दिवस येतंच, विशेषतः जिथे माणसं हाताने फॉर्म भरतात तिथे.

कधी कधी स्ट्रिंगशिवाय इलाज नसतो, हे मान्य. रेडिससारख्या बाहेरच्या डेटाबेसमध्ये ठेवायचंय, फाइलमध्ये लिहायचंय, किंवा भाषाच तशी आहे. तेव्हा दोन रस्ते भरवशाचे आहेत. पहिला म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहायची: बिल्डिंग १, फ्लॅट ११२ याचं "१:१,३:११२" आणि बिल्डिंग ११, फ्लॅट १२ याचं "२:११,२:१२", आता आत डॅश येऊ दे, स्लॅश येऊ दे, कॉमा येऊ दे, काही फरक पडत नाही कारण तुकडा कुठे संपतो ते आधीच सांगितलेलं आहे. दुसरा म्हणजे सगळ्या फील्ड्सचा ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली यादी, करून त्याचं जेसन करायचं, म्हणजे डेटा मजकूर म्हणून लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत आणायचं, अवतरण चिन्हं आणि एस्केपिंग ते स्वतः सांभाळतं. ॲरेच घ्या, ऑब्जेक्ट नको, कारण ऑब्जेक्टचं जेसन त्यात फील्ड कुठल्या क्रमाने टाकल्या त्यावर अवलंबून असतं आणि तोच डेटा दोन ठिकाणी दोन वेगळ्या स्ट्रिंग देऊ शकतो.

पण प्रोग्रामच्या आतल्या आत, मेमरीतल्या मॅपसाठी, स्ट्रिंग चिकटवू नका. जवळपास प्रत्येक भाषेत याच्यासाठी तयार सोय आहे, ती स्वच्छही आहे आणि वाचणाऱ्यालाही कळते.

कुठल्या भाषेत काय वापरायचं

पायथॉनमध्ये टपल, म्हणजे न बदलणारी यादी. बस्स. साध्या कंसात तिन्ही गोष्टी लिहायच्या:

गर्दी[("दादर", "वेस्टर्न", 1)] = 340
गर्दी[("दादर", "सेंट्रल", 1)] = 415

आता दोन्ही आपापल्या जागी राहतात. लिस्ट मात्र चालणार नाही, ती बदलता येते म्हणून पायथॉन ती की म्हणून घेतच नाही, लगेच टाइपएरर देतो, आणि टपलच्या आत लिस्ट लपवली तरी तसंच. फील्ड्स तीनच्या वर गेल्या तर नुसत्या टपलमध्ये दुसरी काय आणि चौथी काय हे लक्षात राहत नाही, तेव्हा डेटाक्लास घ्या, त्यात प्रत्येक फील्डला नाव असतं, आणि त्याला फ्रोझन, म्हणजे न बदलणारा, करा, हॅश आणि सारखेपणा दोन्ही आपोआप मिळतात. पायथॉन ३.७ पासून हे आहे. फ्रोझन विसरलात तर साधा डेटाक्लास सारखेपणा स्वतः बनवतो पण हॅश काढून टाकतो, म्हणजे की म्हणून टाकायला गेलं तर एररच येईल, आणि ते योग्यच आहे. स्वतः क्लास लिहून त्यात फक्त सारखेपणाचं फंक्शन दिलंत तरी पायथॉन हेच करतो. पायथॉनमधली अजून एक बारीक गोष्ट, तिथे १, १.० आणि ट्रू हे तिन्ही सारखे धरले जातात, त्यामुळे दादर अधिक १ आणि दादर अधिक ट्रू ही एकच की होते, एखादी फील्ड कधी आकडा आणि कधी हो-नाही अशी येत असेल तर याच्यावर लक्ष ठेवा.

जावामध्ये रेकॉर्ड वापरा, जावा १६ पासून ते पक्कं भाषेचा भाग आहे. एका ओळीत स्टेशन, लाइन, नंबर लिहिलं की इक्वल्स (सारखेपणाची तपासणी) आणि हॅशकोड दोन्ही बनून येतात. त्याहून जुन्या जावावर असाल तर दोन्ही हाताने लिहावे लागतात, आणि इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात: इक्वल्स लिहिलं, हॅशकोड विसरले. मग तीच व्हॅल्यू असलेली दुसरी की बनवून शोधायला गेलं तर बहुतेक वेळा नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं, कारण दोन ऑब्जेक्ट सारखे असूनही त्यांचे हॅश वेगळे आले आणि शोध भलत्याच बकेटमध्ये झाला. वर सांगितलेला करार मोडला तो इथे. आणखी दोन सापळे जावात आहेत. एक, ॲरे. साधा इंट ॲरे की म्हणून टाकलात तर जावा आतली व्हॅल्यू बघतच नाही, ऑब्जेक्ट कुठला आहे ते बघतं, आणि रेकॉर्डच्या आत ॲरे ठेवला तरी हेच, तिथे न बदलणारी लिस्ट ठेवा. दुसरा सापळा जास्त छुपा आहे. मॅपच्या कीज लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या टाइपच्या, आहेत आणि तुम्ही गेट करताना, म्हणजे शोधताना, साधा १ दिलात, कंपायलर काही बोलत नाही कारण गेट कुठलाही ऑब्जेक्ट घेतं, पण तो १ इंटिजर होतो आणि जावाच्या दृष्टीने इंटिजर १ आणि लाँग १ सारखे नाहीत. डेटा मॅपमध्ये समोर दिसतोय आणि गेट नल देतंय, असं झालं तर आधी टाइप तपासा.

जावास्क्रिप्टवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास आहे. तिथला मॅप ॲरे आणि ऑब्जेक्ट ओळखीवर जुळवतो, मजकुरावर नाही, म्हणजे दादर-वेस्टर्न असा ॲरे देऊन सेट केलं आणि दुसऱ्या ओळीत तसाच नवीन ॲरे देऊन गेट केलं तर अनडिफाइंड, म्हणजे काहीच सापडत नाही. साध्या ऑब्जेक्टमध्ये प्रॉपर्टी म्हणून टाकायला गेलात तर तो तुमच्या कीची स्ट्रिंग करतो, ॲरे असेल तर कॉमाने जोडतो आणि सगळे साधे ऑब्जेक्ट एकाच ठराविक स्ट्रिंगमध्ये कोसळतात, म्हणजे शंभर वेगळ्या कीज टाकल्या तरी आत एकच. इथे ॲरेचं जेसन हा रस्ता ठीक आहे, फक्त एवढं लक्षात ठेवा, त्यात अनडिफाइंड, नॅन ("हा आकडाच नाही" अशी खूण) आणि नल हे तिन्ही नलच होतात. नाहीतर मॅपच्या आत मॅप, त्याबद्दल पुढे.

सी प्लस प्लसमध्ये साध्या मॅपला पेअर (दोन गोष्टींची जोडी) चालते, ऑर्डर नसलेल्या मॅपला चालत नाही, कारण स्टँडर्ड लायब्ररीत पेअरसाठी हॅश दिलेलाच नाही, भलीमोठी कंपाइल एरर येते. स्वतः हॅश लिहा किंवा बूस्ट लायब्ररीचं हॅश कंबाइन घ्या. गो मध्ये स्ट्रक्ट (फील्ड्सचा एक गट) थेट की म्हणून चालतं, फक्त आत स्लाइस किंवा मॅप नको, ॲरे चालतो, आणि मला यात गो सगळ्यात सुटसुटीत वाटतं, काहीही वेगळं लिहावं लागत नाही. रस्टमध्ये स्ट्रक्टवर हॅश, ईक्यू आणि पार्शलईक्यू डिराइव्ह करा, आत फ्लोट (दशांशातला आकडा) असेल तर रस्ट ईक्यू डिराइव्ह करूच देत नाही. सी शार्पमध्ये टपल किंवा रेकॉर्ड.

फ्लोटचं निघालंच आहे तर, कुठल्याही भाषेत फ्लोट कीमध्ये घेऊ नका. ०.१ अधिक ०.२ म्हणजे नेमके ०.३ होत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी किंमत कीमध्ये टाकताना विसरतात. रक्कम असेल तर रुपयांऐवजी पैशांत पूर्णांक ठेवा, नकाशावरची जागा असेल तर किती दशांशापर्यंत ते ठरवून पूर्णांक करून टाका.

हॅश स्वतः लिहायची वेळ आली तर

तयार रेकॉर्ड, टपल वापरलंत तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल, पण ज्यांना हाताने लिहावं लागतं त्यांनी नीट वाचा. दोन फील्ड्सच्या हॅशचा एक्सॉर (बिटं वेगळी तिथे १, सारखी तिथे ०) करून टाकायची सवय खूप जणांना असते. त्यात पहिली अडचण, दादर-ठाणे आणि ठाणे-दादर दोघांचा हॅश एकच. दुसरी, दोन्ही फील्ड सारख्या असतील तर हॅश कायम शून्य. आणि तिसरी सगळ्यात वाईट, समजा ग्रिड आहे, दोन्ही बाजूंनी ० ते ९९९, म्हणजे १० लाख वेगवेगळ्या कीज. दोन आकडे दहा बिटांत बसतात, त्यामुळे एक्सॉरचं उत्तरही दहा बिटांत, म्हणजे फार तर १०२४ वेगळे हॅश. १० लाख कीज १०२४ हॅशमध्ये, प्रत्येकावर जवळपास हजार जण. मॅप चुकणार नाही, पण विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला जो वेळ लागतो तो प्रत्येक शोधाला लागेल. जावाच्या ८ नंबर आवृत्तीपासून बकेट फार भरली तर तिचं झाड, म्हणजे लवकर शोधता येईल अशी क्रमवार रचना, केलं जातं, पण हॅश अगदी सारखेच असतील तर त्या झाडाचा खरा उपयोग की कंपेरेबल, म्हणजे लहान-मोठी ठरवता येणारी, असेल तरच होतो.

नेहमीचं पहिल्याचा हॅश ३१ ने गुणून त्यात दुसऱ्याचा मिळवायचं जे सूत्र आहे ते क्रम पाळतं, दादर-ठाणे आणि ठाणे-दादर साधारण वेगळे पडतात, पण याच ग्रिडवर त्याचेही वेगळे हॅश ३१,९६९ च निघतात, १० लाखांत. बहुतेक कामांना पुरतं, लहान आकड्यांच्या जोड्या प्रचंड असतील तर पुरत नाही.

आणि मग कोणीतरी हुशारी करतं, दोन्ही इंट (३२ बिटांचे पूर्णांक) एका ६४ बिटांच्या लाँगमध्ये भरू, वरच्या ३२ बिटांत एक आणि खालच्या ३२ मध्ये दुसरा. कल्पना चांगली आहे, की एकदम नेमकी होते, एकही धडक नाही, फक्त खालचा आकडा ऋण असेल तर त्याची वरची बिटं आधी साफ करून घ्यायची, नाहीतर तो वरच्या आकड्याला खाऊन टाकतो. पण जावात लाँगचा हॅशकोड कसा निघतो माहितीये? वरची ३२ बिटं आणि खालची ३२ बिटं यांचा एक्सॉर! म्हणजे फिरून परत तिथेच, तेच १०२४ हॅश. लाँगमध्ये भरायचंच असेल तर मॅपला द्यायच्या आधी बिटं चांगली ढवळून घ्या, एखाद्या मोठ्या विषम संख्येने गुणून वरची बिटं खाली आणायची, किंवा इंट, लाँगसारख्या साध्या (प्रिमिटिव्ह) कीजसाठी बनवलेली एखादी चांगली लायब्ररी घ्या जी हे आतच करते.

आत गेलेल्या कीला हात लावायचा नाही

की मॅपमध्ये टाकल्यानंतर तिची एखादी फील्ड बदलली तर ती नोंद हरवते. विचित्र प्रकारे हरवते, मॅपवर लूप फिरवलं तर ती दिसते, साइझमध्ये मोजली जाते, पण गेट केलं तर नाही म्हणतो, रिमूव्ह केलं तर निघत नाही. कारण ती बसलीये जुन्या हॅशच्या बकेटमध्ये आणि शोध चाललाय नवीन हॅशच्या बकेटमध्ये. जुनी की बनवून शोधलं तरी मिळत नाही, कारण बकेट बरोबर असली तरी आतली फील्ड आता वेगळी आहे. म्हणून की नेहमी न बदलणारी बनवा, फ्रोझन, फायनल, रीडओन्ली, तुमच्या भाषेत जे काही म्हणत असतील ते. खास करून डेटाबेसमध्ये सेव्ह व्हायचा असलेला अख्खा ऑब्जेक्ट उचलून की म्हणून टाकू नका, त्यातली आयडी सेव्ह झाल्यावर भरली जाते आणि मग हेच होतं. फ्लॅटचा मालक बदलला तर व्हॅल्यू बदला. फ्लॅटचा नंबरच बदलला तर जुनी नोंद काढून नवीन टाका.

मराठी डेटा असेल तर हे वाचाच

इंग्रजी डेटात पुढेमागे आलेली स्पेस आणि लहान-मोठी अक्षरं एवढं साफ केलं तर बऱ्यापैकी काम होतं. मराठीत तेवढ्याने भागत नाही. "कऱ्हाड" आणि "कर्‍हाड" हे दोन शब्द स्क्रीनवर बहुतेक फॉन्टमध्ये अगदी सारखे दिसतात, पण पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारं एक जोडणारं कॅरेक्टर. मॅपसाठी दोन वेगळ्या कीज. "ॲड." आणि "अॅड." तसंच, एकात ॲ हे एकच कॅरेक्टर, दुसऱ्यात अ आणि त्यावर वेगळा चंद्र. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं, करा असं सगळे सांगतात आणि ते कराच, र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ त्याने एका कॅरेक्टरमध्ये येतो, पण वरच्या दोन्ही जोड्या एनएफसी एक करत नाही, त्या आपल्यालाच एका रूपात आणाव्या लागतात, दोन-तीन रिप्लेस लिहून.

आकड्यांचंही तेच. एकाने फॉर्ममध्ये "१०१" भरलं आणि दुसऱ्याने "101", स्ट्रिंग म्हणून ठेवलंत तर दोन फ्लॅट झाले. आकडाच असेल तर कीमध्ये आकडा म्हणून ठेवा. पायथॉनचं इंट आणि जावाचं पार्सइंट देवनागरी अंक बरोबर वाचतात, जावास्क्रिप्टचं पार्सइंट वाचत नाही, नॅन देतं, तिथे आधी अंक बदलून घ्यावे लागतात.

ही सगळी सफाई एकाच ठिकाणी हवी, की बनवणाऱ्या फंक्शनमध्ये किंवा कन्स्ट्रक्टरमध्ये, आणि की दुसऱ्या कुठल्याही वाटेने बनताच कामा नये. टाकताना साफ केलं आणि शोधताना विसरलं, हा प्रकार फार कॉमन आहे. की कोडभर जिथेतिथे हाताने बनवलेली दिसली तर तो कोड रिव्ह्यूमध्ये परत पाठवा, वाद झाला तरी चालेल.

मॅपच्या आत मॅप कधी

कंपोझिट की पूर्ण माहीत असेल तरच शोध लागतो. "दादर वेस्टर्न एक नंबर" लगेच मिळेल, पण "दादरचे सगळे प्लॅटफॉर्म" विचारलंत तर हॅश मॅपला अख्खा मॅप चाळावा लागतो, कारण अर्ध्या कीचा हॅश काढून काही उपयोग नसतो. असा प्रश्न सारखा येत असेल तर बाहेर स्टेशनचा मॅप आणि त्याच्या आत लाइन-नंबरचा मॅप असं करा. एका स्टेशनचं सगळं एकदम काढायचं, पुसायचं, हे सोपं होतं. बदल्यात कोड वाढतो, आतला मॅप नसेल तर बनवा, रिकामा झाला तर काढून टाका, एकूण किती ते मोजायचं तर सगळे फिरा. क्वचितच लागत असेल तर कंपोझिट की ठेवा आणि शेजारी स्टेशनवरून कीजची यादी देणारा दुसरा छोटा मॅप ठेवा, फक्त दोन्ही एकाच फंक्शनमधून बदलले जातील याची काळजी घ्या. आणि क्रमाने हवं असेल, उदाहरणार्थ एका गाडीच्या अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच्या नोंदी, तर हॅश मॅप सोडा आणि सॉर्टेड मॅप घ्या, तिथे गाडी नंबर आधी आणि तारीख नंतर अशी की असेल तर एवढाच तुकडा उचलता येतो.

दर शोधाला नवीन की ऑब्जेक्ट बनतो म्हणून स्लो होईल का, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक प्रोग्राममध्ये फरक कळतही नाही. आधी मोजा, खरंच तिथेच वेळ जातोय असं दिसलं तर मगच लाँगमध्ये भरणं वगैरे करायला घ्या.

टेस्ट लिहिताना एकच ऑब्जेक्ट टाकून तोच शोधू नका, ती टेस्ट जवळपास कायम पास होते, अगदी हॅशकोड विसरलात तरी. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, शून्यापासून बनवलेल्या दोन कीज घ्या, एकीने टाका आणि दुसरीने शोधा. मग १-११२ आणि ११-१२ टाकून साइझ दोन येते का बघा. दिशा उलटी करून बघा, जिथे एकच हवी तिथे एक आणि जिथे दोन हव्यात तिथे दोन. मागे एक स्पेस जोडून, "१०१" आणि "101" देऊन, कऱ्हाड दोन्ही प्रकारे लिहून बघा. आणि एखादी फील्ड नल आली तर काय व्हायला हवं तेही टेस्टमध्ये लिहून ठेवा, माझं मत विचाराल तर की बनतानाच एरर द्यावी, रिकाम्या बिल्डिंग नंबरचा फ्लॅट मॅपमध्ये शिरला तर नंतर त्याला शोधून काढणं फार अवघड जातं.